राजाकडे मधली माणसं नव्हती

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते साठतात. फ्रीजवर जशा वस्तू साठतात ना, तसे. आपण शोधायला जातो चष्मा, आणि हाताला लागतं भलतंच काहीतरी. माझ्या फ्रीजवरचे बहुतेक किस्से रविवारचे आहेत.

मी कॉलेजात मराठी शिकवायचे. रिटायर झाल्यावर घरात बसून सगळ्यांच्या चुका काढायला लागले, तेव्हा घरच्यांनीच मला दूरशिक्षणाच्या एम.ए.चे रविवारचे वर्ग घ्यायला पिटाळलं. वर्ग कोल्हापुरातच, एका शाळेत. बाकं पाचवीच्या मुलांची आणि विद्यार्थी नोकरी-संसारवाले, काही तर माझ्या वयाचे. आमचे सर्जेराव पैलवान एका शाळेत पी.टी. शिकवतात, त्यांना प्रमोशनसाठी एम.ए. हवं होतं. ते बाकात बसायचे ते ठीक, पण उठताना बाक त्यांच्याबरोबर उठायचं.

नेमाने येणारे चौघेच. पैलवान. दवाखान्यात नर्स असलेली वर्षा. हातकणंगल्याहून येणारे बापू कांबळे, एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर. आणि आक्का. आक्का अंगणवाडीच्या सुपरवायझर होत्या, नवरा गेलेला, मुलगा पुण्यात. आता शिकायचं राहिलेलं शिकून घेते, म्हणायच्या. म्हणजे 'घेतो' म्हणायच्या. कोल्हापूरकडच्या जुन्या बायकांसारखं आक्काही स्वतःबद्दल 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही.

अभ्यासाला एक जुनी, नावाजलेली शोकांतिका होती. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की लोक गाईड विकत आणतात, आणि गाईडवर माझा जुना राग आहे. गोष्ट तेवढी सांगते. एक राजा. त्याचा सख्खा धाकटा भाऊ. प्रधान राजाचे कान भरतो आणि राजा भावाला राज्याबाहेर घालवतो. भाऊ नदीच्या पलीकडच्या काठावर जाऊन राहतो. तिसऱ्या अंकात राजाला कळतं की भाऊ निर्दोष आहे. आता फक्त एक हाक मारायची. पण राजा म्हणतो, मी मोठा, आधी त्यानं यावं. भाऊ म्हणतो, अपमान माझा झालाय, आधी त्यानं बोलवावं. दोघं दोन काठांवरून एकमेकांचे दिवे बघत बसतात. पाचव्या अंकात राजा एकदाचा होडीत बसतो, आणि पलीकडे पोचतो तेव्हा भावाची चिता पेटलेली असते. पडदा.

* * *

पहिल्याच रविवारी मी शोकात्म दोष समजावला. थोर माणसाच्या स्वभावात एक फट असते, त्या फटीतून सर्वनाश आत शिरतो, वगैरे. चांगलं बोलले होते मी. मग विचारलं, "राजाच्या स्वभावातली ही फट कोणती?"

"मानपान," आक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, "अहंकार म्हणू या."

"म्हणा की. पण हाय मानपानच."

बापू मागच्या बाकावरून बोलले. "मॅडम, दोष राजाचा न्हाई आन् भावाचाबी न्हाई. मध्ये माणसं न्हवती. आमच्याकडं काय वाकडं आलं तर चार माणसं बसत्यात. दोन तिकडली, दोन हिकडली. च्या हुतो, जरा वरडावरडी हुती, मिटतंय. ह्यो येवढा मोठा राजा, हत्ती हाय, घोडं हाय, आन् मधली चार माणसं न्हाईत?"

"बापू, चार माणसं असती तर नाटक दुसऱ्या अंकात मिटलं असतं."

"मग मिटू दे की. लोकं लवकर घरी जातील."

शोकांतिकेची इतकी सोपी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती. आणि ती परीक्षेत लिहू नका, हे मला त्या दिवशी दोनदा बजावावं लागलं.

* * *

पैलवानांना सगळं आखाड्यात नेऊन बघायची सवय. नाटकातला संघर्ष स्पष्ट करा, असं मी सांगितलं, तर ते उभे राहिले, बाकातून सुटले आणि फळ्यासमोर आले.

"मॅडम, ह्येच्यात संघर्ष न्हाईच. ह्यो हिकडं शड्डू ठोकतोय, त्यो तिकडं शड्डू ठोकतोय. हात मिळवायलाच कोण पुढं येईना. हलगी वाजून वाजून फुटली, लोकं उठून गेली, सांज झाली. कुस्ती लागलीच न्हाई."

"मग हरलं कोण?"

पैलवानांनी विचार केला. "ज्येनं तिकीट काढलं त्यो," ते म्हणाले.

* * *

वर्षा ड्युटी संपवून तशीच यायची, त्यामुळे तिचं मत नेहमी पेशंट बघितल्यासारखं असायचं. नाटकातली राणी मूर्च्छित फार पडते. जुन्या नाटकांची ती रीतच. मी राणीच्या हळव्या मनाबद्दल, दोन्हीकडून होणाऱ्या तिच्या ओढाताणीबद्दल बोलत होते. वर्षाने हात वर केला.

"मॅडम, हिनं पहिल्या अंकापासनं काय खाल्लंय का?"

मी पुस्तक चाळलं. खरंच, राणी एकदाही जेवत नाही. उपास, नवस, आणि मग मूर्च्छा.

"मग पडणारच की," वर्षा म्हणाली. "दासी नुसत्या वारा घालत बसल्यात. आधी कायतरी गोड द्या म्हणावं."

त्या वर्षी राणीचं व्यक्तिचित्र लिहिताना चौघांनीही ती अशक्त असल्याचा उल्लेख केला.

बापूंचं प्रधानावरचं लिखाण मात्र अजून लक्षात आहे. पहिलं वाक्य होतं : "या माणसाला मी ओळखतो, तो आमच्या डेपोत होता." पुढे पानभर डेपोतलाच माणूस होता. प्रधानाशी तो इतका जुळत होता की मला मार्क कापायला जागा सापडेना.

* * *

पहिल्या अंकात एक छोटा प्रवेश आहे. दोघं भाऊ लहानपणी एकाच घोड्यावर बसायचे, त्याची राजा आठवण काढतो. हा प्रवेश नाटककाराने का घातला असेल, असं मी विचारलं. सगळे पुस्तकात बघायला लागले. मग मी म्हटलं, आपापल्या बहीणभावाची एखादी आठवण सांगा, म्हणजे कळेल.

आक्का एरवी असल्या गोष्टींत पडत नसत. त्या दिवशी बोलल्या. "आई साखरेचा डबा मिठाच्या बरणीमागं लपवायची. मी बरणी धरायचो आन् इंदी मागं हात घालायची. तिचा हात बारीक. आईला ठावं हुतं सगळं. पण डबा काय तिनं कधी तिथनं हलवला न्हाई."

"इंदी कोण?" वर्षाने विचारलं.

"हाय एक," आक्का म्हणाल्या आणि पुस्तकाचं पान उलटलं.

बापूंनी मला नंतर चहाच्या गाड्यावर सगळं सांगितलं. त्यांची बहीण गडहिंग्लजला दिलेली, त्यामुळे त्यांना तिकडच्या बातम्या असायच्या. इंदू म्हणजे आक्कांची धाकटी, एकुलती एक बहीण. तीही गडहिंग्लजलाच. आक्कांच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा आक्कांनी बहिणीला पत्रिका पाठवली ती कुणाच्या तरी हाती. हळदीकुंकू लावून, घरी जाऊन बोलावणं केलं नाही. इंदूचं म्हणणं, सख्ख्या मावशीला असं बोलवत्यात? ती लग्नाला आली नाही. आक्कांचं म्हणणं, मी थोरली, लग्नघरातली कामं टाकून मी जाऊ? आणि सख्ख्या मावशीला बोलावणं कशाला लागतं? तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. आता आक्कांच्या नातीचं शाळेत जायचं वय झालं होतं आणि मावशीआजीनं तिला बघितलंही नव्हतं.

"आन् इंदूबाई मागल्या महिन्यात दवाखान्यात हुत्या," बापू हळूच म्हणाले. "काळजाचं कायतरी. आता घरी हायत. आक्काला कळलंय का न्हाई, म्हाईत न्हाई."

त्यानंतर मला पाचवा अंक शिकवायची भीती वाटायला लागली, खरं सांगते. मी चौथ्या अंकातच रेंगाळत राहिले.

* * *

त्याच सुमारास इथल्या एका हौशी संस्थेने हे नाटक बसवलं. मी सगळ्यांना घेऊन प्रयोगाला गेले. राजाचं काम करणारा नट चांगला होता. तिसऱ्या अंकात तो काठावर येऊन उभा राहतो आणि पलीकडचा दिवा बघतो. हाक ओठावर येते आणि तो ती गिळतो. लेखकाने तिथे फक्त 'दीर्घ स्तब्धता' एवढंच लिहिलंय. थिएटर गार पडलं होतं.

तेवढ्यात आमच्या रांगेतून बापूंचा आवाज आला. उभा जन्म भरल्या गाडीत मागच्या माणसापर्यंत पोचवलेला आवाज तो.

"आरं, हाक मार की!"

लोक हसले. मागून आणखी दोघंतिघं ओरडले, "मार की राजा, मार!" नट बिचारा हाताची मूठ वळून उभा. त्याने खरोखरच तोंड उघडलं. मग बहुधा त्याला आठवलं की अजून दोन अंक राहिलेत, आणि तो पाठ फिरवून आत गेला. प्रयोगानंतर मी त्याची माफी मागायला गेले, तर तो म्हणाला, "मॅडम, एवढी माणसं सांगायला लागल्यावर मला न्हाई म्हणणं लई जड गेलं."

रिक्षात आक्का बापूंवर भडकल्या. "का मारंल हाक? थोरला हाय त्यो. थोरल्यानं का म्हणून आधी वाकायचं?"

बापू रस्त्याकडे बघायला लागले. वर्षानेही रिक्षाबाहेर मान वळवली. बापूंकडून आम्हा सगळ्यांना आता इंदूचं ठाऊक होतं, आणि आम्हाला ठाऊक आहे हे आक्कांनाही ठाऊक होतं.

* * *

पुढच्या रविवारी मी जरा धाडस केलं. म्हटलं, आज पात्रांची बैठक बसवू. बापू म्हणतात तशी मधली माणसं राजाला मिळाली असती तर काय झालं असतं, ते बघू. अभ्यासाची पद्धत म्हणून हे काही फार वावगं नव्हतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

बाकं गोल लावली. बापू आणि पैलवान मधली माणसं झाले. वर्षाने भावाची बाजू घेतली.

"राजाकडनं कोण बोलणार?" बापूंनी विचारलं.

"मी," आक्का म्हणाल्या.

बापूंनी घसा साफ केला. "बोला. राजानं हाक का मारली न्हाई?"

"त्यो थोरला हाय."

"आन् भाऊ का आला न्हाई?"

"त्याचा मान राखला नाही म्हणून," वर्षा म्हणाली. "बोलवायची एक रीत असती."

"राजाला कामं हुती," आक्का म्हणाल्या. "राज्य कोण बघणार हुतं?"

"बरं," वर्षा म्हणाली. ती एकदम नर्ससारखी शांत झाली. "भाऊ दवाखान्यात होता, हे राजाला कळलं होतं का?"

नाटकात दवाखाना नाही. पण ते कुणीच म्हटलं नाही. पैलवान खाली बघून बाकाचा खिळा चाचपायला लागले.

"कळलं हुतं," आक्का म्हणाल्या. "त्यो घरी आल्यावर कळलं."

"मग?"

"मग काय. येवढं झाल्यावर आता कुठल्या तोंडानं जायाचं?"

हे वाक्य नाटकात नाही. असायला हवं होतं. राजाला मी इतकी वर्षं गर्विष्ठ म्हणून शिकवत आले, तो शरमलेलाही असेल हे मला तोवर सुचलं नव्हतं.

बापू आणि पैलवान कोपऱ्यात जाऊन कुजबुजले आणि परत आले. "निर्णय ऐका," बापू म्हणाले. "दोघांनीबी एकाच टायमाला निघायचं. ह्येनं हिकडनं होडी सोडायची, त्येनं तिकडनं. नदीच्या मध्यात भेटायचं. म्हंजे आधी कोण आलं ह्यो प्रश्नच मिटला. मान दोघांचाबी ऱ्हातोय."

सगळ्यांनी आक्कांकडे बघितलं. आक्का हिशेब करत होत्या.

"निपाणी तिला जवळ पडती," त्या म्हणाल्या.

निपाणीचं नाव कुणी काढलं नव्हतं. गडहिंग्लजच्या वाटेवर निपाणी साधारण मध्यावर येते, एवढंच.

"थोडी जवळ पडती," बापू म्हणाले. "पण ती आजारातनं उठलीय."

"मग असू दे," आक्का म्हणाल्या.

* * *

बापू दुसऱ्याच दिवशी पैलवानांना घेऊन गडहिंग्लजला गेले. इंदूबाईंनीही आधी बऱ्यापैकी वाद घातला आणि मग होकार दिला. शनिवार ठरला. दोघींनी सकाळी आठच्या गाडीला बसायचं आणि निपाणी स्टँडवर उतरायचं. बापू तिथं आधी जाऊन उभे राहणार.

रविवारी मी वर्गात आले तर बापू तोंड पाडून बसलेले.

"मॅडम, बैठक मोडली."

"का? काय झालं?"

"दिवसभर बसलो निपाणीत. कोल्हापूरची गाडी आली, दाराकडं बघितलं. आक्का उतरली न्हाई. गडहिंग्लजची आली, दाराकडं बघितलं. इंदूबाईबी न्हाई. त्येच्या मागल्या गाड्याबी बघितल्या. च्या पिऊन पिऊन पोट फुगलं. फोन लावला तर हिचाबी बिझी आन् तिचाबी बिझी. दुपारपातूर बिझी. मग गप घरी आलो."

"म्हंजे बरोबरीत सुटली," पैलवान म्हणाले.

"तुमचं नाटकच खरं हाय मॅडम," बापू म्हणाले. "मधली माणसं असून काय उपेग न्हाई."

मला फार वाईट वाटलं. आता पुढे ढकलण्यात अर्थ नव्हता, परीक्षा जवळ आली होती. मी पाचवा अंक उघडला. राजा होडीत बसतो, तिथवर आले आणि दारात आक्का दिसल्या. उशीर झाल्याबद्दल काही न बोलता त्या जागेवर येऊन बसल्या.

"आक्का, काल कुठं हुता?" बापूंनी जरा रागानेच विचारलं. "मी निपाणीत येडा म्हणून उभा."

"बघितलं की तुम्हाला," आक्का म्हणाल्या. "खिडकीतनं. तुम्ही दाराकडं डोळं लावून उभं. कंडक्टरच तुम्ही, दुसरीकडं कशाला बघशीला? मी पदर घेतला तोंडावर."

"का?"

"म्हटलं, येवढं आलोय तर अर्ध्यावर काय उतरायचं? थोरली हाय मी. ती आजारी हाय. जावं सरळ घरापातूर. कंडक्टरला म्हटलं, तिकीट वाढवून दे."

वर्षा बाकावरून पुढे सरकली. "मग?"

"गेलो. दाराला कुलूप."

वर्षाने बापूंकडे बघितलं.

"पायरीवर बसलो. जीव घाबरा झाला, दवाखान्यात तर न्हेली नसंल हिला? फोन केला. येवढ्या वर्षांत पयल्यांदा. म्हटलं, इंदे, कुठं हाईस? तर म्हणती, तुझ्या दारात बसलोय कोल्हापुरात, तू कुठं उलथलीयास?"

बापू उभे राहिले. "तीबी उतरली न्हाई?"

"तिनंबी तुम्हाला खिडकीतनं बघितलं म्हणं. पदर घेतला."

बापू परत खाली बसले.

"मग आमचं भांडण," आक्का म्हणाल्या. "मी म्हटलं, तू थांब, मी येतो. ती म्हणती, तू थांब, मीच येतो, दर बारीला तुझंच ऐकायचं का? लई येळ भांडलो. शेवटाला ऊन तापलं, मग दोघींनीबी शेजारणीकडनं किल्ली घेतली आन् आत गेलो. म्हटलं, च्या तरी ठेवावा. फोन चालूच. तिच्या सैपाकघरात उभी ऱ्हाऊन इचारलं, इंदे, साखर कुठं हाय गं? तर ती माझ्या सैपाकघरात, तीबी त्येच इचारायलीय."

आक्कांनी पुस्तक उघडलं, पाचव्या अंकाचं पान काढलं आणि त्यावर हात ठेवला.

"कुठं होती?" वर्षाने विचारलं.

"मिठाच्या बरणीमागं," आक्का म्हणाल्या. "दोन्हीकडं."